पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

मनुष्याच्या आयुष्याला कोणत्या क्षणीं कोणतें वळण लागेल, याचा नेम नाहीं. कोणी ग्रंथ वाचून जागा होतो, कोणी गुरूच्या सहवासानें, तर कोणी संकटाच्या आघातानें. ज्या थोर पुरुषाचें अल्पचरित्र आम्ही यंदाच्या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों, त्यांना एका मेलेल्या चिमणीनें जागें केलें. आणि ती चिमणी त्यांनीं स्वतःच मारलेली होती.

हेंच चरित्र निवडण्यास एक कारण घडलें. वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवितांना दोन प्रकरणें दरवर्षीं येतात. एक परिसंस्थेचें, म्हणजे झाडें, प्राणी, माती, पाणी व हवा यांच्या परस्परसंबंधांचें. दुसरें शरीरांतील समन्वयाचें, म्हणजे मज्जासंस्था व संप्रेरकें यांच्या योगानें देहाचे नाना अवयव एकविचारानें कसे वागतात, याचें. मुलें दोन्ही प्रकरणें पाठ करतात, सुबक आकृत्या काढतात आणि गुणही मिळवितात. परंतु गेल्या पावसाळ्यांत मधल्या सुटींत मैदानाच्या कडेच्या बाभळीवर गलोल चालविणारीं जीं मुलें आम्हांला सांपडलीं, तीं याच प्रकरणांत उत्तम गुण मिळविणारीं होतीं. त्यांना आम्हीं शिक्षा केली नाहीं. शिक्षेनें गलोल खिशांत जाते, मनांतून जात नाहीं. त्या मुलांना त्या दिवशीं जी हकीकत सांगितली, तीच येथें सविस्तर लिहीत आहों.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईंत एका सुलेमानी बोहरा कुटुंबांत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असतांना वडील वारले आणि तीन वर्षांचे असतांना आईही निवर्तली. पोरक्या झालेल्या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनीं खेतवाडींतील आपल्या घरीं नेलें. त्या दांपत्याला मूलबाळ नव्हतें. त्यांनीं या भाच्यांना पोटच्या मुलांप्रमाणें वाढविलें. सलीमचें प्राथमिक शिक्षण गिरगांवांत झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेंत झालें. मिशनच्या शाळांतून शिकून नांवारूपास आलेल्यांची गणना करतांना हें नांव बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, म्हणून मुद्दाम सांगत आहों. पुढें ते सेंट झेवियर्समध्यें गेले. परंतु अभ्यासांत त्यांची चमक अशी नव्हती. डोकेदुखीच्या विकारानें ते वारंवार हैराण होत; तेराव्या वर्षाच्या सुमारास हवापालटासाठीं त्यांना सिंध प्रांतांत नातलगांकडे पाठवावें लागलें व शिक्षणांत खंड पडला. १९१३ सालीं ते कसेबसे मॅट्रिक झाले. वर्गांत मागें पडणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें, आणि त्यांच्या शिक्षकांनीं तर अधिकच.

मामा शिकारीचे मोठे शौकीन. घरांत बंदुकांची व शिकारीच्या गप्पांची वाण नव्हती. सलीमच्या हातींही लहानपणींच छऱ्याची बंदूक आली. नवव्या-दहाव्या वर्षीं त्यांनीं तबेल्याच्या भिंतींतील एका भोंकांत चिमणीचें घरटें पाहिलें. मादी आंत बसे आणि नर बाहेर एका खिळ्यावर पहारा करी. त्यांनीं तो नर मारला. थोड्याच वेळानें मादीनें दुसरा नर आणला, तोही मारला. असे आठवड्याभरांत आठ नर गेले आणि प्रत्येक वेळीं नवा जोडीदार येऊन पहाऱ्यास उभा राहिला. हा खेळ क्रूर होता, हें आम्ही लपवीत नाहीं. मोठेपणीं सलीम अलींनींही तें लपविलें नाहीं. परंतु इतर मुलांत आणि त्यांच्यांत एक फरक होता. त्यांनीं पाहिलेलें सर्व वहींत टिपून ठेवलें. हात शिकाऱ्याचा होता, पण डोळा कांहीं निराळेंच शोधूं लागला होता.

१९०८ सालीं तो प्रसिद्ध प्रसंग घडला. छरा लागून पडलेली एक चिमणी त्यांनीं उचलली, तों तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. घरच्या चिमण्यांना असा ठिपका नसतो. ही कोण, म्हणून त्यांनीं मामांना विचारलें. मामांना सांगतां येईना. त्यांनीं भाच्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्या नांवें चिठ्ठी दिली. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या कचेरींत हा मुलगा हातांत कागदाची पुडी घेऊन भीत भीत शिरला. त्या काळीं गोऱ्या साहेबासमोर जाणें ही लहान गोष्ट नव्हती. परंतु मिलर्ड यांनीं त्याचें ममतेनें स्वागत केलें, ती पीतकंठी रानचिमणी आहे असें सांगितलें आणि पेंढा भरून ठेवलेल्या शेंकडों पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. इतके प्रकारचे पक्षी आपल्या देशांत आहेत, याची त्या मुलाला कल्पनाही नव्हती. मिलर्ड यांनीं वाचावयास पुस्तकें दिलीं आणि पक्ष्यांचें कातडें सोडवून तें टिकवावें कसें, हें शिकविण्याची व्यवस्था केली. एका लहान मुलाच्या प्रश्नाला एका कामांत गढलेल्या मोठ्या माणसानें अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासाचें व्याज पुढें हिंदुस्थानाला ऐंशी वर्षें मिळत राहिलें.

परंतु पुढचा मार्ग सरळ नव्हता. १९१४ सालीं ते ब्रह्मदेशांत तवाय येथें घरच्या टंगस्टनच्या खाणींच्या व लांकडाच्या धंद्यांत मदत करावयास गेले. धंद्यापेक्षां सभोंवारच्या अरण्यांतील पक्ष्यांकडेच त्यांचें लक्ष अधिक. १९१७ सालीं परत आल्यावर त्यांनीं व्यापारी शिक्षण घेण्यास आरंभ केला. पण सेंट झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांनीं त्यांची खरी ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे त्यांना वळविलें. १९१८ च्या डिसेंबरांत त्यांचा विवाह तहमिना यांच्याशीं झाला. पुढें ब्रह्मदेशांतील धंदा बुडाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें सरकारी प्राणिशास्त्र खात्यांत जागा मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें लोकांना प्राण्यांची माहिती सांगण्याची नोकरी लागली. आपलें शिक्षण अपुरें आहे, ही खंत त्यांना स्वस्थ बसूं देईना. म्हणून १९२८ सालीं ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखालीं त्यांनीं पक्षिशास्त्राचें खरें शास्त्रीय शिक्षण घेतलें. १९३० सालीं मोठ्या उमेदीनें परत येतात तों म्यूझियममधील ती जागा पैशांच्या अभावीं रद्द झालेली! वय चौतिसाच्या घरांत, पदरीं संसार आणि हातीं काम नाहीं.

अशा वेळीं पुष्कळांनीं नशिबाला बोल लावला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळ समुद्रकांठीं किहीम येथें जाऊन राहिले. पावसाळा लागला होता आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत घरटीं बांधूं लागली होती. करावयास दुसरें कांहीं नव्हतें, म्हणून त्यांनीं तींच पाहण्यास आरंभ केला. नोकरी गेली नसती, तर हे दिवस त्यांना लाभलेच नसते. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत भाग्याचे दिवस ते हेच.

सुगरणीचीं घरटीं आमच्या वऱ्हाडांतील मुलांना नवीं नाहींत. विहिरीवर कललेल्या बाभळीच्या फांद्यांना तीं दुधीभोपळ्यांसारखीं लोंबत असतात. आपण या पक्ष्याला सुगरण असें स्त्रीलिंगी नांव दिलें असलें, तरी घरटें विणतो तो नर. गवताच्या हिरव्या पात्याला तो चोचीनें कडेला चीर देतो आणि तें टोंक धरून उडतो. त्यासरशीं लांब धागा सुटून येतो. अशा शेंकडों खेपा करून, आंतबाहेर गांठी मारीत तो अर्धें घरटें तयार करतो आणि मग पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आंत शिरून वीण पाहतात. पसंत पडलें तर एकजण तेथें राहते. मग नर प्रवेशाची लांब नळी विणून घर पुरें करतो. नाहीं पडलें, तर सारी मेहनत वाया जाते. सलीम अलींनीं दिवसेंदिवस पहारा करून दाखवून दिलें कीं, एका मादीचें घर पुरें होतांच नर दुसरें घरटें बांधावयास घेतो व दुसऱ्या मादीला आमंत्रण देतो. अंडीं उबविण्याचें काम मात्र मादी एकटीच करते. पूर्वीं अनेकांनीं हे पक्षी पाहिले होते, पण ही व्यवस्था कोणी नीट उलगडली नव्हती. हा निबंध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि जाणत्या लोकांत त्यांचें नांव झालें.

येथें थोडें थांबून आमच्या विद्यार्थ्यांना वर्गांतील प्रकरणाची आठवण करून देतों. घरटें विणणाऱ्या त्या नराच्या देहांत काय काय चाललेलें असतें? डोळा धाग्याचें टोंक पाहतो. ती वार्ता मज्जातंतूंतून निमिषार्धांत मेंदूकडे जाते. मेंदूची आज्ञा मानेच्या व चोचीच्या स्नायूंकडे येते. पक्षी उलटा लोंबत असतो, वाऱ्यानें फांदी हलत असते. त्याचा तोल लहान मेंदू सांभाळतो. हा झाला जलद निरोप, जुन्या काळच्या तारेसारखा. पण दुसराही एक निरोप आहे, टपालासारखा सावकाश जाणारा. उन्हाळ्यांत दिवस मोठा होत जातो. हा वाढता प्रकाश पक्ष्यांना केवळ डोळ्यांनींच कळतो असें नाहीं. कवटीच्या पातळ हाडांतून तो मेंदूच्या खोल भागांतील पेशींनाही जाणवतो. तेथून पीयूषिका ग्रंथीला सूचना मिळते. ती आपलीं संप्रेरकें रक्तांत सोडते, तीं देहभर फिरतात, आणि एरवीं चिमणीसारख्या मळकट दिसणाऱ्या नराचें डोकें व छाती पिवळीधमक होतात. तो गाऊं लागतो, विणूं लागतो. हा आंतला उलगडा जगांतील अनेक संशोधकांनीं वर्षानुवर्षें प्रयोग करून केला. किहीमच्या झाडाखालीं बसलेल्या बेकार गृहस्थानें त्याचें बाहेरचें रूप एकाग्रतेनें पाहिलें. पाहणें हीही शास्त्राची अर्धी बाजू आहे.

आतां त्याच पक्ष्याला शेतांत पाहूं. ज्वारी दुधांत आली कीं सुगरणींचे थवे उतरतात आणि शेतकरी गोफण फिरवितो. त्याचा राग अगदींच अकारण नाहीं. परंतु पावसाळ्यांत हेच पक्षी आपल्या पिलांना दाणे नव्हे, तर किडे व अळ्या भरवितात. कारण वाढत्या जिवाला मांसल अन्न लागतें. हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या भोरड्या ज्वारीवर ताव मारतात, पण त्याच टोळांचा व नाकतोड्यांचाही फडशा पाडतात. घुबड दाण्याला शिवत नाहीं आणि रात्रभर उंदीर मारतें. तरी गांवोगांवीं त्याला अशुभ म्हणून दगड मिळतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें पक्ष्यांचा जमाखर्च मांडला पाहिजे, केवळ नुकसान पाहून निवाडा करूं नये, असें सलीम अली आयुष्यभर लेखांतून व व्याख्यानांतून सांगत आले. गवतावर किडा जगतो, किड्यावर पक्षी, पक्ष्यावर ससाणा. मेल्यावर सर्वांची माती होते आणि मातींतून पुन्हां गवत येतें. या साखळींतील एक कडी काढली तर धक्का कोठवर पोंचेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

हा धक्का आमच्याच प्रांताला किती जवळून बसला, तें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. अशा फवाऱ्यांतील पुष्कळ विषें मज्जासंस्थेवरच घाला घालतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत एक रसायन पोंचवितें, आणि काम होतांच तें रसायन पुसून टाकणारें विकर तेथें सज्ज असतें. विष त्या विकरालाच बांधून टाकतें. मग निरोप थांबतच नाहीं. स्नायू आखडतात, थरथरतात, आणि अखेर श्वास चालविणारे स्नायू थकून बंद पडतात. किड्याचा जीव ज्या रीतीनें जातो, त्याच रीतीनें तो किडा खाणाऱ्या पक्ष्याचाही जातो आणि फवारणाऱ्या माणसाचाही. आमच्या वहींत परिसंस्था व शरीरांतील समन्वय हीं दोन निराळीं प्रकरणें असतील. शेतांत तीं एकच आहेत.

किहीमनंतर सलीम अलींनीं एक धाडसी योजना आंखली. पगार नको, केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करून देतों, असें त्यांनीं निरनिराळ्या संस्थानांना कळविलें. हैदराबाद, त्रावणकोर व कोचीन, मध्य हिंदुस्थानांतील संस्थानें, म्हैसूर अशा पाहण्या एकामागून एक झाल्या. तहमिनाबाई चांगल्या घरांत, सुखांत वाढलेल्या. पण बैलगाडीचा प्रवास, तंबूंतील बिऱ्हाड, अरण्यांतील ताप व डांस हें सर्व त्यांनीं आनंदानें सोसलें. १९३९ सालीं एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचें निधन झालें. त्यांना मूल नव्हतें. हा घाव सलीम अलींच्या जिव्हारीं लागला. त्यांनीं दुसरा विवाह केला नाहीं. बहीण कमू व मेहुणे यांच्या घरीं ते राहूं लागले आणि उरलेलें सारें आयुष्य त्यांनीं कामाला वाहिलें.

१९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. तोंपर्यंत पक्ष्यांची ओळख ही साहेबांची व शिकाऱ्यांची मिरास होती. रंगीत चित्रें व सोपें वर्णन यांमुळें तें पुस्तक शाळकरी मुलांच्या हातीं आलें आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तुरुंगांत असलेल्या पंडित जवाहरलाल नेहरूंनाही त्याची गोडी लागली होती. स्वातंत्र्यानंतर गोरे सभासद मायदेशीं गेले व नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशाविना बंद पडण्याची वेळ आली, तेव्हां सलीम अलींनीं नेहरूंना गळ घालून मदत मिळविली. पुढें अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनीं भारत व पाकिस्तान यांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळांत प्रसिद्ध केला. पहिला खंड निघाला तेव्हां त्यांनीं सत्तरी ओलांडली होती. आमच्या मुलांना आणखी एक गोष्ट आवडेल: १९५० सालीं स्वीडनमध्यें पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिला हे त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ आपली आवडती मोटारसायकल बोटीनें युरोपांत नेऊन तिच्यावर बसून गेले.

१९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं व माणसांनाही विचित्र ताप येऊं लागला. तो रोग गोचिडांमार्फत पसरतो, असें आढळलें. परदेशांतून येणारे पक्षी हे विष आणीत असतील काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें सलीम अलींच्या देखरेखीखालीं हजारों पक्षी जाळ्यांत धरून, पायांत क्रमांकाचीं कडीं घालून सोडण्यांत आले. आजाराचा दोष पक्ष्यांवर सिद्ध झाला नाहीं. परंतु कोणता पक्षी कोठून येतो व कोठें जातो, याचें मोलाचें ज्ञान मिळालें. ज्या हातानें लहानपणीं पहाऱ्यावरचे आठ नर टिपले, त्याच हाताच्या मार्गदर्शनाखालीं हजारों पक्षी धरून, पाहून, पुन्हां आकाशांत सोडले गेले.

या कामाचें एक मुख्य ठाणें राजस्थानांतील भरतपूरचें केवलादेव सरोवर. तें महाराजांचें शिकारीचें स्थान होतें. १९३८ सालीं व्हाइसरॉयच्या मेजवानींत एका दिवसांत चार हजारांवर पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर सरोवर आटवून तेथें शेती करावी, असा आग्रह सुरू झाला. सलीम अलींनीं नेहरूंपर्यंत जाऊन तें वांचविलें. परंतु याच ठिकाणीं एक असा प्रसंग घडला, जो चरित्रकार बहुधा गाळतात आणि आम्ही मुद्दाम सांगतों. गुरांच्या चरण्यानें पाणथळीची हानि होते, या समजुतीनें, पक्षितज्ज्ञांच्या सल्ल्यानें १९८२ सालीं तेथें गुरांना बंदी झाली. गांवकऱ्यांनीं विरोध केला, गोळीबार झाला, माणसें मेलीं. आणि मग असें दिसूं लागलें कीं, म्हशी खात नाहींत म्हणून पाणगवत बेसुमार माजलें, मोकळें पाणी कमी झालें आणि पक्ष्यांना तेथें राहणें कठीण झालें. म्हैस ही त्या सरोवराची शत्रू नसून त्याच्या व्यवस्थेंतील एक कडी होती. हें दाखवून दिलें तें सलीम अलींच्याच सोसायटीच्या संशोधकांनीं, दहा वर्षांच्या पाहणीनंतर. ज्या संस्थेला त्यांनीं पाहण्याची व टिपण्याची शिस्त लावली, तिनें आपल्याच पक्षाची चूक उजेडांत आणली. यापरता गुरूचा मान कोणता? निसर्गावर प्रेम असणें पुरेसें नाहीं. त्यांतील माणसांचें व जनावरांचें स्थानही नम्रपणें विचारावें लागतें, हा धडा मात्र फार महाग पडला.

केरळांतील सायलेंट व्हॅलीचें दाट अरण्य धरणाखालीं बुडणार होतें. त्याच्या रक्षणासाठीं झालेल्या चळवळींत वृद्ध सलीम अलींनीं आपलें सारें वजन खर्चीं घातलें. १९८३ सालीं ती योजना सोडून देण्यांत आली व दुसऱ्या वर्षीं तें अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. मानसन्मान आपोआप येत गेले: १९५८ सालीं पद्मभूषण, १९७६ सालीं पद्मविभूषण, १९८५ सालीं राज्यसभेवर नेमणूक. जे. पॉल गेटी पारितोषिकाच्या रकमेंतून निसर्गरक्षणाचा निधि उभा राहिला. १९८५ सालीं त्यांनीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें आणि त्याच्या नांवांतच चिमणीच्या पडण्याचा उल्लेख केला. २० जून १९८७ रोजीं, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षीं, मुंबईंत त्यांनीं देह ठेवला.

एक शोध मात्र त्यांच्या हयातींत पुरा झाला नाहीं, आणि त्याचा संबंध आमच्या अमरावती जिल्ह्याशीं आहे. रानपिंगळा नांवाचें एक लहान घुबड १८८४ नंतर खात्रीनें कोणीच पाहिलें नव्हतें. सलीम अली व रिप्ली यांनीं त्याचा शोध केला, पण तें सांपडलें नाहीं. त्याचें एक कारण पुढें उघडकीस आलें. १९१४ सालीं गुजरातेंत मिळालेला म्हणून जो नमुना नोंदला गेला होता, तो एका नामांकित इंग्रज संग्राहकानें दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, खोटी चिठ्ठी लावून दाखविलेला होता. एका खोट्या चिठ्ठीनें शोधणारांना भलत्याच ठिकाणीं धाडलें. अखेर १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला, आणि त्यानंतर आमच्या मेळघाटांतही तो चांगल्या संख्येनें आढळला. सागाच्या उघड्या रानांत, दिवसाढवळ्या, तो फांदीवर बसलेला असतो. शंभरावर वर्षें जगाला हरवलेला जीव आमच्या जिल्ह्याच्या डोंगरांत सुखानें नांदत होता. फक्त विचारणारें कोणी तेथें गेलें नव्हतें.

विद्यार्थी मित्रहो, शरीरांतील समन्वयाला मेंदू आहे. अरण्यांतील व्यवस्थेला मेंदू कोठें दिसत नाहीं. तेथें पाऊस, गवत, किडा, पक्षी, म्हैस व माणूस हे एकमेकांना निरोप देत असतात, आणि तरीही सारें सुरळीत चालतें. तें कसें चालतें, हें शास्त्र शोधतें. तें कोणाच्या योजनेनें चालतें, याचें उत्तर आम्ही श्रद्धेनें देतों. कारण दोन चिमण्यांची किंमत एका क्षुद्र नाण्याएवढी असली, तरी त्यांतील एकीचेंही पडणें स्वर्गीय पित्याच्या नजरेआड होत नाहीं, असें आपला प्रभु शिकवून गेला आहे. सलीम अलींचा धर्म निराळा होता. पण पडलेल्या चिमणीकडे लक्ष देण्याचें तें काम त्यांनीं नव्वद वर्षांच्या आयुष्यांत जितक्या निष्ठेनें केलें, तितकें आपल्यांतील किती जणांनीं केलें आहे?

ज्या मुलांजवळ गलोली सांपडल्या, त्यांना आम्हीं एक एक कोरी वही दिली. मैदानाच्या कडेच्या त्या बाभळीवर कोणता पक्षी केव्हां येतो, काय खातो, कोणाला भितो, हें त्यांनीं लिहावयाचें. पहिल्या आठवड्यांत वह्या कोऱ्याच होत्या. तिसऱ्या आठवड्यांत त्यांतील एका मुलानें एका पक्ष्याचें नांव विचारलें, आणि तें आम्हांला सांगतां आलें नाहीं. त्या दिवशीं आम्हांला मिलर्ड साहेबांची आठवण झाली. आम्ही दोघांनीं मिळून सलीम अलींचें पुस्तक उघडलें.